विचारलं तरच सांगायचं

ड्रायव्हरच्या नोकरीसाठी आलेला माणूस समोरच्या खुर्चीवर बसला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि कारकूनबाई केव्हाची घाबरून बसली होती. घाबरायचं खरं तर त्याने. नोकरी त्याला हवी होती. पण तो आपला निवांत, टोपी मांडीवर ठेवून पंख्याखाली घाम सुकवत बसला होता, आणि ही मात्र पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, परत काढत होती.

ट्रान्सपोर्टचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिचं टेबल, फायलींचं कपाट, चाव्यांचा बोर्ड आणि एक लांब बाक. आतल्या खोलीत मालक. मध्ये काचेची भिंत, आणि तिला एक सरकती खिडकी. ही खिडकी मालक कधी पुरती लावत नसत, चार बोटं उघडी ठेवत. आत ते फोनवर बोलत असले तरी बाहेरचा शब्द न् शब्द त्यांच्या कानावर जातो, हे तीन वर्षांत तिला पक्कं कळून चुकलं होतं.

मालक ओरडत नसत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा तरी होतो. यांचा आवाज रागावले की खाली जाई. इतका खाली, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकून ऐकणारा माणूस कशालाही मान हलवतो. त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमाचा त्यांना भारी अभिमान. "आपल्याकडे खोटं चालत नाही," ते म्हणत. "ड्रायव्हरने गाडीबद्दल विचारलं, तर खरं तेच सांगायचं. पण विचारलं तरच. त्याने नाही विचारलं तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही. मुलाखत काय फक्त आपणच घ्यायची? त्यानेही घ्यावी की!"

पहिल्या वर्षी तिला हा नियम चक्क आवडला होता. घरी आईला तिने कौतुकाने सांगितलंही होतं, की आमचे मालक एका शब्दाने खोटं बोलत नाहीत. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की ड्रायव्हर गाडीबद्दल विचारतच नाहीत. सुट्टी कधी मिळेल विचारतात. जाता-येता घरावरून गाडी नेली तर चालेल का विचारतात. एकाने तर केबिनमध्ये गाणी लावायची सोय आहे का एवढंच विचारलं होतं आणि आहे म्हटल्यावर त्याची कळी खुलली होती. पण ब्रेक कसे आहेत? छे. वीस वर्षं चाक धरलेला गडी, तो ब्रेकचं टेबलावरच्या बाईला विचारणार? गाडीचं विचारलं की माणूस भित्रा ठरतो, अशी या धंद्यातली समजूत. तो यार्डात जाणार, टायरांना चार लाथा घालणार, पेडल दाबून बघणार आणि "ठीक आहे" म्हणणार. त्याचा पाय सांगेल ते खरं.

आणि नेमकी इथेच त्या निळ्या गाडीची मेख होती. यार्डात तिच्याइतके छान ब्रेक दुसऱ्या कुठल्याच गाडीचे नव्हते.

मिस्त्रीने कारकूनबाईला हे समजेल अशा भाषेत सांगितलं होतं. "रिकामी गाडी कशी शहाण्यासारखी थांबते, मॅडम. पण सोळा टन फरशी भरून घाट उतरायला लागली की तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेकचे ड्रम तापतात. मग पेडल दाबा नाहीतर दाबू नका, सारखंच." तेच त्याने एका कागदावर लिहून मालकांना दिलं होतं. मालकांनी कागद वाचला, दोन वेळा वाचला, आणि खणात टाकला. सीझन होऊ दे, मग बघू, म्हणाले.

त्यानंतर त्या गाडीवर शिडी आला. त्याच्या उंचीमुळे सगळे त्याला शिडीच म्हणत. तिच्यासमोर याच खुर्चीवर बसून, गुडघे टेबलाला लागताहेत म्हणून हसत, त्याने ताडपत्री नवी मिळेल का एवढंच विचारलं होतं. मिळेल, ती म्हणाली होती. खरं तेच सांगितलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी घाटात पेडल मोकळं पडलं तेव्हा शिडीने दरीकडे जाणारी गाडी ओढून डोंगरावर घातली. जीव वाचला, दोन्ही पाय मोडले. चौथ्या दिवशी हॉस्पिटलमधून त्याचा तिला फोन आला. "मॅडम, गाडीचं फार नुकसान नाही ना झालं?" त्याने विचारलं होतं. त्या दिवसापासून तिला जेवण जात नव्हतं.

गाडीचं तोंड तेवढं नवं बसवून आणलं, रंग दिला. ब्रेक होते तिथेच होते. आणि आज दुपारी चार वाजता त्याच गाडीत फरशी भरून तोच घाट उतरायचा होता.

"वय?" तिने विचारलं.

"एकावन्न."

"किती वर्षं चालवताय?"

"अठ्ठावीस. त्यातली एकोणीस घाटात."

तिने लिहून घेतलं. अर्ज मालकांनी कुठूनतरी उतरवून आणलेला होता, त्यात छंदाचाही रकाना होता. बहुतेक ड्रायव्हर तिथे 'झोप' लिहायला सांगत. यानेही तेच सांगितलं, आणि एरवी ती हसली असती.

"काका, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," ती म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येकाला म्हणे. आज म्हणताना तिने पेन खाली ठेवलं.

"नाही, मॅडम."

"म्हणजे, कामाबद्दल. रस्त्याबद्दल."

"रस्ता पाठ आहे."

"गाडीबद्दल?"

मागे काचेची खिडकी सरकल्याचा आवाज झाला. चार बोटांची फट आता वीतभर झाली असणार, हे तिला मान न वळवता कळलं. घरात कमावणारी ती एकटी. आई थकलेली, मुलगी दुसरीत. या नोकरीवर पाणी सोडलं तर पुढे काय, या प्रश्नाच्या पलीकडे तिचा विचार कधी गेलाच नव्हता, तिथे तो जाऊन थांबे.

"गाडी डोळ्यांनी बघतो की," ड्रायव्हर म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

बघण्यासाठी मालक स्वतः बरोबर आले. एरवी ते उन्हात पाऊल टाकत नसत. हात पाठीमागे बांधून ते तिच्या शेजारी उभे राहिले, आणि ड्रायव्हर गाडीभोवती फिरू लागला. त्याने टायर ठोकले. वाकून खाली बघितलं. पुढच्या बंपरपाशी जरा थांबला, त्यावरून तळवा फिरवला. मग केबिनमध्ये चढला, इंजिन चालू केलं, ब्रेकच्या हवेचा काटा वर चढेपर्यंत शांत बसला, आणि गाडी फाटकापर्यंत नेऊन मागे आणली. तीनदा ब्रेक मारले. तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"ब्रेक कडक आहेत," खाली उतरून तो म्हणाला.

"आहेतच," मालक म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

तिला वाटलं, आत्ता, इथेच ओरडून सांगावं. शब्द जिभेवर आलेही. पण मालकांनी नुसतं तिच्याकडे बघितलं आणि तिने ते गिळले. आपण किती भित्र्या आहोत याची तिला त्या क्षणी किळस आली. भरणाऱ्या माणसांनी फरशीच्या पेट्या गाडीपाशी आणायला सुरुवात केली. मालक आत जाऊन फोनला लागले. ती दोघं पुन्हा टेबलापाशी आली, आणि तिने सहीसाठी कागद त्याच्यापुढे सरकवला.

सही करताना त्याचा हात थरथरत होता.

आधी तिला वाटलं, आपलाच डोळा लवतोय. मग तिने नीट पाहिलं. पेन कागदावर टेकवून तो नुसता बसला होता, आणि पेनाचं टोक बारीक बारीक हलत होतं. म्हणजे हा निवांत नव्हताच. मघापासून टोपी मांडीवर घट्ट धरून बसला होता तो हात लपवायला. अठ्ठावीस वर्षांचा ड्रायव्हर तिच्याइतकाच, कदाचित तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "काहीतरी विचारा हो मला."

त्याने मान वर केली नाही. "बारा वर्षांची गाडी आणि कोरा करकरीत बंपर," तोही तितक्याच हळू म्हणाला. "रेडिएटर नवा. पुढची काच नवी. मागचं सगळं जुनं. मला काय दिसत नाही होय? ही गाडी कशावर तरी जाऊन बसलीय. आणि ब्रेक चांगले असते तर बसली नसती."

"मग विचारत का नाही?"

"विचारलं तर तुम्ही सांगाल म्हणून."

तिला काही कळेना.

"मला या लाइनीत काय म्हणतात माहीत आहे, ताई? प्रश्नपत्रिका," तो म्हणाला, आणि ओठ वाकडा करून हसला. "मागच्या मालकाकडे माझ्या डोळ्यांदेखत एक जण गेला. गाडीखाली नाही, गाडीतच. सलग दोन दिवस झोप नाही आणि गाडी पुलावरून खाली. तेव्हापासून कानाला खडा लावला, की विचारल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही. बायकोने कागदावर लिहून दिले, अकरा प्रश्न. दिवसाला किती तास चालवायची? गाडी शेवटची दुरुस्त कधी केली, आणि त्याचा कागद दाखवाल का? वजन जास्त भरलं तर मी नाही म्हटलेलं चालेल का? असे. सात ऑफिसांत गेलो. सगळीकडे प्रश्न संपेपर्यंत चहा संपला आणि 'कळवतो' म्हणाले. आठ महिने झाले, कोण कळवतंय! आज निघताना बायकोनेच माझ्या खिशातून कागद काढून घेतला. म्हणाली, आज तोंडाला कुलूप लावा. रडत होती."

तीन आठवडे ती ज्या माणसाची वाट बघत होती, एकदा तरी कोणीतरी विचारणारा येऊ दे म्हणून, तो हाच होता. आणि आज तो विचारणं सोडून आला होता.

"मला ठाऊक नसलं की कसं, मी जरा बळ धरून घाट उतरेन," तो म्हणाला. "एकदा कानांनी ऐकलं की माझा पायच चढायचा नाही केबिनमध्ये. म्हणून सांगू नका. चावी द्या."

बाहेर पेट्या चढवल्याचे आवाज येत होते. आत मालक फोनवर कोणाला तरी सांगत होते, की संध्याकाळपर्यंत माल पोचलाच म्हणून समजा. तिने बोर्डावरची निळ्या गाडीची चावी काढली. द्यायची म्हणूनच काढली. ती देऊनही टाकली असती. पण त्याने हात पुढे केला तो हात अजून थरथरत होता. शिडीलाही तिने अशीच चावी दिली होती. त्याचा हात थरथरला नव्हता, कारण त्याला काही ठाऊकच नव्हतं. याला ठाऊक असून हा जाणार, आणि तिला ठाऊक असून ती पाठवणार.

"तुमच्या कागदावरचा पहिला प्रश्न कोणता होता?" चावी टेबलावर ठेवत तिने विचारलं.

"ताई, नको."

"कोणता होता?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आधीचा ड्रायव्हर का गेला."

"त्याचे पाय मोडले," ती म्हणाली. आवाज एवढा मोठा निघाला की तिची तीच दचकली. "तीन आठवड्यांपूर्वी. याच गाडीने, याच घाटात, तिसऱ्या वळणावर. ब्रेकचे ड्रम गेलेत. रिकामी थांबते, भरलेली थांबत नाही. मिस्त्रीने लिहून दिलंय. कागद आत खणात आहे. त्यानंतर ब्रेकला कोणी हात लावलेला नाही."

आतलं फोनवरचं बोलणं थांबलं. दार उघडलं.

मालक बाहेर आले ते घाई न करता. टेबलाच्या कडेला उभे राहिले आणि बोलू लागले. नेहमीप्रमाणे पुढे वाकल्याशिवाय ऐकू येईना. ती वाकली. तीन वर्षांची सवय.

"यांनी विचारलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मीच विचारलं," ती म्हणाली. "आणि मीच सांगितलं."

"तुमची पर्स घ्या. उद्यापासून येऊ नका." एवढंच बोलून मालकांनी तिच्यावरची नजर काढून घेतली. ड्रायव्हरकडे वळले तेव्हा त्यांच्या बोलण्यात मध मिसळला होता. "बायकांना हे सगळं फार मोठं वाटतं, काका. तुमच्यासारखा अठ्ठावीस वर्षांचा माणूस, तुम्हाला काय घाट नवा आहे? बारीक गिअरमध्ये उतरा, सावकाश. आजची एक फेरी करून द्या, उद्या ब्रेकचं काम काढतो. नोकरी तुमची पक्की. आज, आत्ता, पक्की."

चावी टेबलावर तिच्या आणि त्याच्या मध्ये पडली होती. ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. तिला त्याचा चेहरा वाचता येत होता, कारण तिच्याच आरशातला होता तो. आठ महिने. घरी रडणारी बायको. आज रिकाम्या हाताने परत गेलं तर दारात काय सांगायचं. त्याचा हात चावीकडे गेला, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"साहेब," तिला त्याचा आवाज ऐकू आला. "एक विचारू का?"

"विचारा की. आपल्याकडे खोटं चालत नाही."

"घाट उतरेपर्यंत तुम्ही माझ्या शेजारी बसाल?"

तिने डोळे उघडले. चावी ड्रायव्हरच्या तळहातावर होती आणि तो ती मालकांपुढे धरून उभा होता. त्यात चढेलपणा नव्हता. त्याला खरोखरच उत्तर हवं होतं. हो म्हणाले असते तर तो गेला असता, हे तिला त्याच्याकडे बघूनच कळलं.

मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. गाडीची एक बाजू भरत आली होती, मागची चाकं वजनाने बसली होती. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग पुन्हा गाडीकडे. 

"चार वाजता मला दुसरीकडे काम आहे," ते म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा रागावलेल्या मालकांचं बोलणं तिला वाकल्याशिवाय ऐकू आलं.

ड्रायव्हरने चावी टेबलावर ठेवली. टोपी डोक्यावर घातली. "मग मलाही आहे," तो म्हणाला.

फाटकाबाहेर ती दोघं थांबली. तो तिच्यावर खूश वगैरे मुळीच नव्हता. "सांगू नका म्हटलं होतं ना मी," तो म्हणाला, पण ओरडून नाही. "आता घरी काय सांगू?" ती काय सांगणार, तिला तरी कुठे माहीत होतं. त्याने मान हलवली, रस्ता ओलांडला आणि पाय ओढत निघाला. चार पावलांवर थांबून त्याने वळून पाहिलं, हात वर केला. तो निरोपाचा होता की आणखी कशाचा, तिला समजलं नाही.

बसथांब्यावर ती एकटीच होती. भीती गेली असेल असं तिला वाटलं होतं, पण ती जागच्या जागी होती, उलट वाढलेली. मालक आजूबाजूच्या सगळ्या ऑफिसांत फोन करतील. हिला ठेवू नका म्हणतील, त्यांच्या त्या खालच्या आवाजात, आणि सगळे वाकून ऐकतील. मुलीच्या शाळेची बस, आईची औषधं, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि गाडी तर अजून यार्डात भरली जात होती. चारला अजून अडीच तास होते.

पर्समधला फोन वाजला. अनोळखी नंबर. नोकरीच्या जाहिरातीत नंबर तिचाच दिलेला होता, ऑफिसचा फोन मालकांना असल्या कामात अडकवायचा नसे.

"ड्रायव्हर पाहिजे असं वाचलं," पलीकडून घाईघाईचा आवाज आला. तिशीतलाच असेल कोणी. त्याच्यामागे तान्हं मूल रडत होतं. "अजून आहे ना जागा? आत्ता निघालो तर तीनपर्यंत पोचतो. मला काही विचारायचं नाहीये, मॅडम. फक्त गाडी कुठून घ्यायची तेवढं सांगा."

फोन ठेवून दिला तरी चाललं असतं. आता ती तिची नोकरी नव्हती, ते तिचं काम नव्हतं. अजून कोणाला सांगितलं हे मालकांना कळलं तर ते तिला कुठेच उभं राहू देणार नाहीत, हेही तिला स्पष्ट दिसत होतं. तिचा अंगठा बटणावर होता. मूल रडतच होतं. कोणीतरी बाई त्याला थोपटत होती.

"हॅलो? मॅडम? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. "पत्ता नंतर. आधी मला एक विचारा."

"काय विचारू?"

"विचारा, की आधीचा ड्रायव्हर का गेला."